‘वीअर्ड’च्या पोटातले ‘व्युर्द’

‘किती वीअर्ड वागतो हा!’ हे वाक्य आज पुण्या-मुंबईच्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकू येते, आणि ते मराठी वाक्य म्हणूनच बोलले जाते, इतका हा इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यात मुरला आहे. अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे: विचित्र, तऱ्हेवाईक, जरा खटकणारे. पण हजार-बाराशे वर्षांपूर्वी इंग्लंडात हा शब्द ज्या रूपात नांदत होता त्यात विचित्रपणाचा मागमूसही नव्हता. तेव्हा ते विशेषण नव्हते, स्त्रीलिंगी नाम होते. त्याचा अर्थ कोणी दैव सांगतो, कोणी मरण, कोणी नियतीची देवता, तर कोणी नुसते ‘घडलेली गोष्ट’ असे म्हणून थांबतो. जुन्या इंग्रजीतल्या फार थोड्या शब्दांवर एवढी शाई खर्ची पडली आहे.

याचे कारण शब्दाच्या पलीकडचे आहे. ख्रिस्ती होण्याआधी इंग्लंडात वसलेल्या, जुनी इंग्रजी बोलणाऱ्या लोकांची श्रद्धा काय होती, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलेले नाही. लिहिणे आले ते मठांबरोबर, आणि लिहिणारे सगळे ख्रिस्ती. मग मागे वळून पाहणाऱ्या अभ्यासकांना वाटले की जुनी श्रद्धा कुठे राहिली असेल तर ती शब्दांत. आणि शब्दांत कुठे असेल तर या एका शब्दात. ही अपेक्षा शब्दावर फार जड झाली आहे असे माझे मत आहे, आणि ते का, हे पुरावा क्रमाने पाहिला की ध्यानात येईल.

शब्द आहे ‘व्युर्द’. ओठ ‘उ’साठी गोल करायचे आणि आत ‘इ’ म्हणायचा, असा त्यातला स्वर. तो ज्या क्रियापदापासून आला ते ‘वेओर्थान’, म्हणजे होणे, घडणे, बनणे. जर्मनमध्ये ‘वेर्डेन’ हे त्याचेच भावंड आजही घरोघर वापरात आहे. इंग्रजीने मात्र हे क्रियापद टाकून दिले आणि त्याची जागा ‘बिकम’ने घेतली. तेव्हा व्युत्पत्तीच्या हिशेबाने ‘व्युर्द’ म्हणजे ‘जे होते ते’ किंवा ‘जे होऊन गेले ते’. आपल्या ‘भवितव्य’ शब्दातही ‘भू’, म्हणजे होणे, हाच धातू आहे हे लक्षात घेतले तर ‘होणे’पासून ‘दैव’ किती जवळ असते ते कळते.

आणखी मागे गेले की धातूचा अर्थ ‘वळणे, फिरणे’ असा लागतो आणि इथे मराठी वाचकाला एकदम ओळखीची माणसे भेटू लागतात. लॅटिनमधले ‘वेर्तेरे’ याच मुळाचे. ‘व्हर्शन’, ‘कन्व्हर्ट’, ‘व्हर्टिगो’ हे शब्द इंग्रजीने तिकडून घेतले. ‘फॉरवर्ड’ आणि ‘टुवर्ड’ यांच्या शेपटीतला ‘वर्ड’ही त्यातलाच. आणि संस्कृतात हा धातू ‘वृत्’. वर्तन, वर्तमान, आवृत्ती, निवृत्ती, परिवर्तन, वृत्त, वृत्तांत, वार्ता ही सगळी त्याची प्रजा. अस्सल मराठी वळणाचे शब्दही आहेत: ‘वर्त्मन्’पासून ‘वाट’, ‘वर्ति’पासून समईतली ‘वात’, ‘वर्तुल’पासून ‘वाटोळे’. गोल या अर्थाचा शब्द ‘संसाराचे वाटोळे झाले’ इथपर्यंत कसा पोचला, हा वेगळ्या लेखाचा विषय. इथे एक खबरदारी घेतली पाहिजे, कारण याबाबतीत आपल्याकडे फार गफलत होते. इंग्रजी शब्द संस्कृतातून आलेला नाही. दोन्ही भाषा एका अधिक जुन्या, लेखी पुरावा न उरलेल्या भाषेच्या लेकी आहेत. नाते सख्ख्या-चुलत बहिणींचे आहे.

हे नाते किती बारीक पातळीवर सिद्ध होते ते एका व्यंजनात दिसते. क्रियापद ‘वेओर्थान’, त्यात ‘थ’. नाम ‘व्युर्द’, त्यात ‘द’. असे का? त्या क्रियापदाच्या भूतकाळातही हाच घोळ आहे: ‘तो झाला’ म्हणजे ‘वेअर्थ’, पण ‘ते झाले’ म्हणजे ‘वुर्दोन’. जर्मानिक भाषांमधल्या या अदलाबदलीला बरीच वर्षे नुसते अपवाद म्हटले जाई. कार्ल वेर्नर या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने 1877 साली छापलेल्या निबंधात त्याचे कोडे सोडवले, आणि किल्ली त्याला मिळाली ती वैदिक स्वरांत. वेदात ‘ववर्त’ या एकवचनी रूपात आघात धातूवर पडतो. ‘ववृतिम’ या अनेकवचनी रूपात तो सरकून शेवटच्या अक्षरावर जातो. आघात धातूवर असेल तिथे जर्मानिक शाखेत ‘थ’ टिकला, पुढे सरकला तिथे त्याचा मवाळ होऊन ‘द’ झाला. नंतर त्या शाखेतल्या सगळ्या भाषांनी आघात शब्दाच्या सुरुवातीला आणून ठेवला आणि मूळ कारण नाहीसे झाले. परिणाम तेवढा उरला. वेदपाठकांनी स्वर सांभाळले नसते तर ‘व्युर्द’मधला ‘द’ कुठून आला हे सांगणे फार अवघड गेले असते. मला स्वतःला या सबंध विषयात याहून देखणा पुरावा दुसरा वाटत नाही.

‘फिरणे’वरून काही अभ्यासक थेट सूतकताईकडे गेले. मध्ययुगीन जर्मनमध्ये टकळीच्या चकतीला ‘विर्टेल’ म्हणत, स्लाव भाषांत टकळीला ‘व्रेतेनो’ म्हणतात, आणि मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत कोशात ‘वर्तुला’ म्हणजे टकळीला फिरायला मदत करणारा बुडाचा गोळा. शब्द सगळे एकाच मुळाचे. ग्रीक-लॅटिन कथांत तीन स्त्रिया माणसाच्या आयुष्याचा धागा कातत बसतात. तेव्हा ‘व्युर्द’ म्हणजेही ‘कातलेले नशीब’ असावे, असा हा तर्क. मोह पडावा असा आहे, पण मला तो पटत नाही. जर्मानिक शाखेत ‘फिरणे’चे ‘होणे’ होऊन गेले होते आणि नाम त्या ‘होणे’पासून बनले. जुन्या इंग्रजी काव्यात व्युर्दने काही विणल्याचा उल्लेख येतो खरा, पण तो दोन-तीन ठिकाणी, आणि त्या काव्यांच्या कर्त्यांना लॅटिन चांगले येत होते.

आता लेखी पुरावा. सर्वांत जुना सापडतो तो शब्दसूचींत. मठातले विद्यार्थी लॅटिन ग्रंथ वाचताना अडलेल्या शब्दाच्या डोक्यावर किंवा समासात आपल्या भाषेतला शब्द लिहीत; पुढे कोणीतरी ते गोळा करून वर्णक्रमाने लावी. केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजात अशी एक सूची जपलेली आहे, आठव्या शतकाच्या अखेरीची किंवा नवव्याच्या आरंभाची. तीत लॅटिन ‘पार्के’, म्हणजे धागा कातणाऱ्या त्या तिघी, यांच्यासमोर ‘व्युर्दे’ असे अनेकवचन लिहिले आहे. नियतीदेवतेच्या समर्थकांचा हा हुकमी एक्का. इंग्लंडात आधीपासून अशा तिघी मानत असतील म्हणूनच तो शब्द सुचला, असे ते म्हणतात. पण या सूचींत दैव, योगायोग, प्रसंग, परिणाम अशा अर्थांच्या साध्या लॅटिन शब्दांसमोरही ‘व्युर्द’च येतो. शिकवणाऱ्या भिक्षूला रोमन देवतांसाठी शब्द हवा होता. हाताशी असलेल्या नामाचे त्याने अनेकवचन केले असेल. एवढ्या नोंदीवरून देऊळ उभे राहत नाही.

याच्या उलट बाजूचा एक शब्द मला फार बोलका वाटतो आणि वादात त्याला मिळायला हवे तेवढे महत्त्व मिळत नाही. जुन्या इंग्रजीत इतिहासकाराला ‘व्युर्दरितेरे’ म्हणत: व्युर्द लिहिणारा. तो दैव लिहीत नव्हता, भविष्य सांगत नव्हता. होऊन गेलेल्या गोष्टींची नोंद करत होता. आपला ‘वृत्तांत’ आणि आपला ‘वार्ताहर’ यांत नेमके हेच घडले आहे. धातू तोच, अर्थाचा प्रवास तोच. ‘वृत्त’ म्हणजे झालेले, म्हणून वृत्तपत्र. ‘व्युर्द’ म्हणजे झालेले, म्हणून व्युर्दरितेरे. या दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाट धरली.

गद्याचा पुरावा असा साधा असताना वाद पेटतो तो काव्यात, आणि त्यातही ‘बेओवुल्फ’मध्ये. 3182 ओळींचे हे काव्य इसवी सन 1000 च्या आसपासच्या एकाच हस्तलिखितात वाचले आहे. 1731 साली लंडनच्या अ‍ॅशबर्नहॅम हाउसला आग लागली तेव्हा त्याच्या कडा जळाल्या. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात ‘व्युर्द’ डझनभर वेळा येतो. सर्वांत गाजलेली जागा ग्रेंडेल या राक्षसाशी झुंज होण्याच्या आधीची. बेओवुल्फ राजा ह्रोथगारला सांगतो की मी मेलो तर माझे चिलखत माझ्या राजाकडे पाठवून द्या, ते वेलंड लोहाराच्या हातचे आहे. आणि शेवटी म्हणतो की व्युर्द तिला जायचे तशीच जाते. भाषांतरकार इथे बहुधा मोठ्या आवाजात ‘नियती’ म्हणतात. पण संदर्भ पाहा. माणूस निरवानिरव करतो आहे, चांगली वस्तू कोणाकडे जावी हे सांगतो आहे, आणि मग म्हणतो की व्हायचे ते होईल. ‘होणारे न चुके’ म्हणणारा आपल्याकडचा माणूस त्या क्षणी एखाद्या देवतेची आराधना करत नसतो.

पुढे ह्रोथगारच्या दरबारातला उन्फेर्थ त्याला हिणवतो तेव्हा समुद्रातल्या जुन्या पराक्रमाची हकिकत सांगताना बेओवुल्फ म्हणतो की ज्याची घटका अजून भरलेली नाही अशा माणसाला, त्याचे धैर्य शाबूत असेल तर, व्युर्द पुष्कळदा वाचवते. यात नियती अटळ कुठे आहे? धैर्यावर ती अवलंबून आहे. आणखी एका जागी कवी सांगतो की सुज्ञ देव आणि त्या माणसाची हिंमत आड आली नसती तर व्युर्दने ग्रेंडेलच्या हातून आणखी बळी घेतले असते. म्हणजे तिला अडवता येते. दुसरीकडे म्हातारा बेओवुल्फ नागाशी लढायला निघतो तेव्हा व्युर्द त्याच्या अगदी जवळ आलेली असते. तिथे तिचा अर्थ सरळ मरण. मरताना तो म्हणतो की माझ्या कुळातले सगळे व्युर्दने वाहून नेले, तिथेही मरणच. आणि काव्याच्या शेवटाकडे राजाच्या मृत्यूची खबर घेऊन दूत येतो तेव्हा कवी नोंदवतो की त्याने व्युर्दांच्या बाबतीत आणि शब्दांच्या बाबतीत फारसे खोटे सांगितले नाही. इथे ‘नियती’ घालून पाहा, वाक्य कोसळते. इथे व्युर्द म्हणजे झालेल्या गोष्टी, बातमीतला मजकूर. एकाच काव्यात हा शब्द प्रसंग, मरण, पाळी, दैव अशा चार ठिकाणी उभा राहतो. चारही ठिकाणी मोठ्या अक्षरात ‘नियती’ छापणारा भाषांतरकार कवीच्या हातातले हत्यार बोथट करतो.

बाकीच्या कविता भराभर पाहता येतील. एक्झेटरचा पहिला बिशप लेओफ्रिक 1072 मध्ये वारला. त्याने आपल्या कॅथीड्रलला दिलेल्या पोथीत ‘भटक्या’, ‘दर्यावर्दी’ आणि ‘भग्नावशेष’ या आज ओळखल्या जाणाऱ्या नावांच्या कविता आहेत. पहिलीत व्युर्द कठोर आहे, दुसरीत ती बलवान आहे पण विधाता तिच्यापुढचा, तिसरीत ती रोमन शहराच्या भिंती फोडते. वेर्चेल्लीच्या पोथीतल्या ‘क्रुसाचे स्वप्न’ या कवितेत क्रूस स्वतः बोलतो आणि टेकडीवर सोसलेल्या क्रूर प्रसंगांना ‘व्युर्द’ म्हणतो. तिथे सोसणाऱ्याचा स्वामी ख्रिस्त आहे, तेव्हा मूर्तिपूजेचा प्रश्नच येत नाही. सुभाषितांच्या एका संग्रहात ख्रिस्ताच्या महिम्यापाठोपाठ व्युर्दला सर्वांत बलवान म्हटले आहे आणि लगेच हिवाळ्याच्या थंडीचा विषय निघतो. लिहिणाऱ्याला त्यात काहीच विसंगत वाटलेले नाही.

विसंगती ज्याला जाणवली आणि ज्याने तिच्याशी प्रामाणिक झुंज घेतली असा एकच ग्रंथ आहे, आणि माझ्या मते या शब्दाच्या इतिहासातला तो सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज. बोएथिअस हा रोमन विद्वान राजद्रोहाच्या आरोपाखाली कैदेत पडला आणि 524 च्या सुमारास त्याला ठार मारण्यात आले. कैदेत त्याने ‘तत्त्वज्ञानाचे सांत्वन’ हा ग्रंथ लिहिला. त्याचा जुन्या इंग्रजीतला अनुवाद परंपरेने आल्फ्रेड राजाच्या नावावर आहे. आल्फ्रेड 899 साली वारला. माल्कम गॉडन आणि सुझन अर्व्हाइन यांनी 2009 मध्ये या अनुवादाची मोठी संपादित आवृत्ती काढली. आल्फ्रेडचे कर्तृत्व गॉडन यांना मान्य नाही. कर्ता कोणीही असो, मूळ ग्रंथात ईश्वराची योजना आणि दैव यांतला फरक सांगणारा जो भाग आहे तिथे आल्यावर अनुवादकाने मूळ वाक्य सोडून स्वतःच्या आवाजात बोलायला सुरुवात केली. काही तत्त्वज्ञ म्हणतात की माणसाचे सुखदुःख व्युर्दच्या हाती आहे. मी मात्र सगळ्या ख्रिस्ती लोकांप्रमाणे म्हणतो की ते ईश्वराच्या पूर्वनियोजनाच्या हाती आहे, असा त्याचा खुलासा. आणि आपण ज्याला व्युर्द म्हणतो ते म्हणजे ईश्वर रोजच्या रोज जे करतो ते काम, अशी त्याची व्याख्या. शब्द टाकून न देता त्याने त्याला मालक बदलून दिला.

मग येते ती चाकाची उपमा. मूळ लॅटिनमध्ये एका मध्यबिंदूभोवती फिरणारी वर्तुळे आहेत, भूमितीतली. अनुवादकाने त्याचे बैलगाडीचे चाक केले. आस स्थिर असतो आणि सगळी गाडी तोलून धरतो, तो ईश्वर. आसाला लागून असलेला तुंबा म्हणजे उत्तम माणसे, मधले आरे म्हणजे मध्यम माणसे, आणि जमिनीवर घासत जाणारी घेराची लाकडे म्हणजे अधम माणसे. आरा एका टोकाने तुंब्यात आणि दुसऱ्या टोकाने घेरात रुतलेला असतो, तसे मध्यम माणसाचे मन एका बाजूने ईश्वराकडे आणि दुसऱ्या बाजूने संसाराकडे. जितके आसापासून दूर तितके हिसके जास्त. जितके जवळ तितकी व्युर्दची झळ कमी. हा बदल करताना त्याला ‘व्युर्द’ शब्दाच्या पोटात ‘फिरणे’ दडले आहे हे ठाऊक असणे शक्य नव्हते. रस्त्याचे खड्डे आणि चाकाचा खडखडाट मात्र त्याला चांगला ठाऊक होता, आणि म्हणूनच हा उतारा अकराशे वर्षांनंतरही जिवंत वाटतो.

शंभरेक वर्षांनी एल्फ्रिक हा मठाधिपती एवढी सवलत द्यायला तयार नव्हता. तीन ज्ञानी पुरुषांना दिसलेल्या ताऱ्यावरच्या प्रवचनात तो जन्मनक्षत्रावर माणसाचे आयुष्य ठरते या समजुतीवर तुटून पडतो आणि ‘गेव्युर्द’ ही खोटी कल्पना आहे, असे बजावतो. नसलेल्या गोष्टीवर कोणी इतके तुटून पडत नाही, हे खरे. पण त्याचा रोख फलज्योतिषावर आहे, जर्मानिक देवतेवर नाही.

मग ही देवता आली कुठून? मुख्यतः उत्तरेकडून. आइसलँडच्या जुन्या काव्यात विश्ववृक्षाखालच्या विहिरीजवळ तीन कुमारिका आहेत: उर्द, वेर्दांदी आणि स्कुल्द. पहिल्या दोघींची नावे याच ‘होणे’ क्रियापदाची, आणि ‘उर्द’ हे तर ‘व्युर्द’चेच उत्तरेकडचे रूप. त्या प्रत्येक मुलाच्या जन्मवेळी येऊन त्याचे आयुष्य ठरवतात असे स्नोरी स्टुर्लुसन तेराव्या शतकात लिहितो. जर्मनीत वोर्म्सचा बिशप बुर्खार्ड, मृत्यू 1025, पाप कबूल करायला आलेल्यांना विचारण्याच्या प्रश्नांत एक प्रश्न घालतो: तू घरात जेवण मांडून, तीन सुऱ्या ठेवून त्या तिघी बहिणींची वाट पाहिलीस का? पाचवीच्या रात्री सटवाईसाठी पाटा-वरवंटा, कोरा कागद आणि लेखणी मांडणाऱ्या महाराष्ट्रातल्या बायकांना हा प्रश्न समजावून सांगावा लागला नसता. तेव्हा जर्मानिक जगात जन्मवेळेच्या देवता मानल्या जात होत्या हे मी नाकारत नाही. प्रश्न इतकाच की इंग्लंडातला ‘व्युर्द’ हे त्यांचे नाव होते का? त्याला पुरावा शब्दसूचीतल्या एका अनेकवचनापलीकडे फारसा जात नाही. जुन्या सॅक्सन भाषेतल्या ‘हेलिआंद’ या नवव्या शतकातल्या ख्रिस्तचरित्रातही ‘वुर्द’ येतो तो मरणघडीच्या अर्थाने.

याकोब ग्रिमने 1835 मध्ये ‘जर्मन पुराणकथा’ हा ग्रंथ काढला तेव्हा त्याने हे सगळे तुकडे एका ठिकाणी जोडले आणि सर्व जर्मानिक लोकांची एक नियतीदेवी उभी केली. इंग्लंडात त्याचा शिष्य जॉन केंबल याने तीच दिशा धरली. त्या काळी जर्मन राष्ट्राला स्वतःचा, रोम आणि बायबल यांच्या आधीचा वारसा हवा होता. तो शोधणाऱ्या डोळ्यांना प्रत्येक ‘व्युर्द’मध्ये देवी दिसू लागली. पुढची शंभर वर्षे बेओवुल्फच्या आवृत्त्यांत ती मोठ्या अक्षरात छापली गेली. 1940-41 मध्ये बी. जे. टिमर यांनी गद्य-पद्यातल्या उदाहरणांची छाननी करून दाखवले की हातात असलेल्या लेखनात हा शब्द ख्रिस्ती चौकटीत बसलेला आहे. एरिक स्टॅन्ली यांनी 1964-65 मध्ये लेखमाला आणि 1975 मध्ये पुस्तक लिहून मूर्तिपूजक अवशेष शोधण्याच्या या सबंध हव्यासाचाच समाचार घेतला. स्टॅन्ली यांची भाषा कधी कधी कठोर होते. पण बाजू त्यांची खरी आहे. टिमर यांच्या बाजूने मात्र एक अतिरेक होतो: शब्दातला सगळा दरारा धुऊन टाकण्याचा. बेओवुल्फच्या म्हातारपणी जवळ येऊन उभी राहणारी व्युर्द ही नुसती ‘घटना’ नाही. तिच्यात भीती आहे आणि ती भीती कवीने जाणून आणली आहे.

1066 नंतर फ्रेंच बोलणारे राज्यकर्ते आले आणि ‘डेस्टिनी’, ‘फॉर्च्यून’ या शब्दांनी व्युर्दला दक्षिणेतून हळूहळू हुसकावले. चौसरने चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो वापरला, पण आता त्याला ‘म्हणजे डेस्टिनी’ असे समजावून सांगावे लागत होते. शब्द टिकला स्कॉटलंडमध्ये. ‘आपले वीअर्ड भोगणे’ हा वाक्प्रचार तिथे शतकानुशतके चालला. वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांतून तो पुन्हा इंग्लंडभर वाचला गेला. स्कॉटलंडमध्येच ‘वीअर्ड सिस्टर्स’ ही जोडी जमली: विंटनच्या अँड्र्यूने 1420 च्या आसपास लिहिलेल्या पद्य इतिहासात मॅकबेथच्या स्वप्नात त्या तिघी येतात, आणि गॅव्हिन डग्लसने 1513 मध्ये पूर्ण केलेल्या व्हर्जिलच्या अनुवादात रोमन पार्केंना हेच नाव दिले.

ही जोडी शेक्सपियरला मिळाली होलिन्शेडच्या इतिहासग्रंथात. होलिन्शेड त्यांना नियतीच्या देवता किंवा वनदेवता, पऱ्या म्हणतो. 1577 च्या आवृत्तीतल्या चित्रात तर त्या झुळझुळीत पोशाख केलेल्या तीन खानदानी स्त्रिया आहेत. सायमन फोरमन याने 1611 मध्ये ग्लोब नाट्यगृहात ‘मॅकबेथ’ पाहून टिपण केले, त्यातही त्या पऱ्याच. दाढीवाल्या, चिंध्या पांघरलेल्या चेटकिणी ही शेक्सपियरच्या संवादातली भर. नाटक 1623 च्या फोलिओत प्रथम छापले गेले आणि तिथे शब्दाचे रूप हरवले: तीन वेळा ‘वेवर्ड’, तीन वेळा ‘वेयर्ड’. लंडनच्या छापखान्यातल्या माणसांना हा उत्तरेकडचा शब्द परका झाला होता. 1733 मध्ये लुइस थिओबाल्डने होलिन्शेडशी ताडून पाहिले आणि ‘वीअर्ड’ हे रूप पुन्हा बसवले. आजच्या शब्दाचे इंग्रजीतले पुनरागमन या एका संपादकाचे बरेच देणे लागते.

आणि अर्थ बदलला तो रंगभूमीमुळे. ‘वीअर्ड सिस्टर्स’मधल्या पहिल्या शब्दाचा अर्थ प्रेक्षकांना लागत नव्हता, समोर दिसत होत्या त्या भयाण बायका. तेव्हा ‘वीअर्ड’ म्हणजे भयाण, अतर्क्य, असा समज झाला. 1815 च्या सुमारास, शेलीच्या पिढीत, तो विशेषण म्हणून मोकळा फिरू लागला. दहा-वीस वर्षांत भयही ओसरले आणि विचित्रपणा उरला. 1923 मध्ये शिकागोत ‘वीअर्ड टेल्स’ मासिक निघाले आणि लव्हक्राफ्टच्या कथांनी शब्दाला काही काळ जुना अंधार परत दिला. आपल्याकडे शि. म. परांजप्यांनी ‘मानाजीराव’मध्ये आणि शिरवाडकरांनी 1954 च्या ‘राजमुकुट’मध्ये मॅकबेथ मराठीत आणला, तोवर मूळ शब्दाचा दैवाशी असलेला संबंध इंग्लंडातही टीपा देऊनच सांगावा लागत होता.

आता गंगा उलटी वाहते आहे. ब्रायन बेट्स यांची ‘द वे ऑफ वीर्ड’ ही कादंबरी 1983 मध्ये निघाली तेव्हापासून ‘वीर्ड’ हा प्राचीन सॅक्सन अध्यात्ममार्ग म्हणून विकला जातो; नऊ काड्यांच्या जाळीचे एक चिन्ह गळ्यात घालायला मिळते. त्या चिन्हाचा पत्ता एकाही जुन्या हस्तलिखितात नाही. ज्यांना त्यातून आधार मिळतो त्यांच्याशी माझे भांडण नाही, पण तो विसाव्या शतकाचा विचार आहे, नवव्याचा नाही.

जुन्या इंग्रजी कविता आज चांगल्या इंग्रजी भाषांतरांत सहज मिळतात, आणि त्या मराठीत आणण्याचे काम कोणी मनावर घ्यावे अशी माझी फार इच्छा आहे. घेणाऱ्याला एकच विनंती. मधल्या इंग्रजीतल्या ‘फेट’वरून मराठीत ‘नियती’ उतरवू नका. प्रत्येक ठिकाणी मूळ ओळ उघडा, व्युर्द कोणाच्या तोंडी आहे आणि कोणत्या घटकेला आहे ते पाहा, आणि मग ‘व्हायचे ते’, ‘ओढवले ते’, ‘मरण’, ‘हकिकत’ यांतले जे बसेल ते लिहा. या सगळ्यांसाठी आपल्याकडे रोजच्या वापरातले शब्द आहेत.